लूपरच्या आधी बॉस सीएस-३: उपयोगी, पण सस्टेन जपून

निळ्या रंगाचं बॉस सीएस-३ हे गिटारचं कंप्रेसर पेडल (जोराचे आणि हळू स्वर एका पातळीला आणणारं) १९८६ पासून बाजारात आहे. लाइव्ह लूपिंगसाठी, म्हणजे वाजवलेला तुकडा लूपर पेडलवर रेकॉर्ड करून फिरता ठेवायचा आणि त्यावर नवे थर चढवायचे यासाठी, ते आजही घ्यावं असंच आहे, फक्त सस्टेनचा (स्वर किती दाबायचा आणि लांबवायचा ते ठरवणारा) नॉब फार वर चढवायचा नाही.

लूपमध्ये एखादा स्ट्रोक जोरात बसला तर प्रत्येक आवर्तनाला तोच ठणका पुन्हा ऐकावा लागतो. सीएस-३ तो ठणका दाबतं आणि बोटांनी हळू छेडलेले स्वर वर आणतं, त्यामुळे पाचव्या थराखालीही पहिल्या थरातला खर्ज शाबूत राहतो.

जोडणीचा क्रम असा: गिटार, ट्यूनर, सीएस-३, ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं), डिले (प्रतिध्वनी देणारं), शेवटी लूपर. कंप्रेसर लूपरनंतर लावला तर सगळे थर एकत्र त्यातून जातात. मग खर्जाची तार छेडली की आधी रचलेली कॉर्ड्‌स दबतात आणि परत वर येतात. लूपिंगला हे मारकच.

सस्टेन घड्याळातल्या ९ ते १० वर, टोन १२ वर, अटॅक (स्ट्रोकच्या सुरुवातीची धार) २ च्या आसपास. अटॅक फार कमी केला तर दाबलेल्या तारांवरचा ‘चक’ बोथट होतो, आणि ड्रम नसताना ताल त्याच्यावरच उभा असतो. लेव्हल अशी लावा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज तेवढाच राहील, नाहीतर पुढचे थर आधीच्यांशी जुळत नाहीत.

खरी अडचण हिसची, म्हणजे पेडलच्या बारीक ‘स्स्स’ आवाजाची. सस्टेन १२ च्या पुढे नेलं की ती स्पष्ट ऐकू येते, आणि लूपर ती प्रत्येक थरासोबत रेकॉर्ड करतो; सारख्या चार थरांत ती ६ डेसिबलने वाढते. शिवाय शेवटचा स्वर विरताना कंप्रेसर गेन (आवाजाची पातळी) वाढवतो. ‘स्स्स’ वर चढतं आणि समेवर पहिला स्ट्रोक पडताच तुटतं, त्यामुळे लूपचा सांधा उघडा पडतो. फ्रेज संपताच ओव्हरडब (नवा थर चढवणं) बंद करा. गिटारचा व्हॉल्यूम उतरवून सिंगल कॉइल पिकअपची घरघर कमी होईल, पेडलची हिस नाही.

वीज ९ व्होल्टची, मधला पिन निगेटिव्ह. डिजिटल लूपरसोबत एकाच अडॅप्टरवरून डेझी चेन केली (एकाच वायरीने दोन्हींना वीज दिली) तर बारीक शिट्टीसारखा आवाज शिरू शकतो. लूपरला वेगळं आयसोलेटेड (इतरांच्या विजेशी न जोडलेलं) आउटपुट द्या.

ब्लेंड नॉब नाही, ही मोठी उणीव. मूळ आवाज सोबत मिसळता येत नाही, म्हणून सतत फिंगरपिकिंग करणाऱ्यांनी कीली कंपनीचं कंप्रेसर प्लस आधी वाजवून पाहावं, त्यात ब्लेंड आहे.

दुकानात पेडल तपासताना गिटार जोडा, पण वाजवू नका. सस्टेन १० वर ठेवून लूपरवर शांततेचेच चार थर चढवा आणि मग अ‍ॅम्पचा आवाज स्टेजवर ठेवता तेवढा करून ऐका.