पायथन-झिरोकॉन्फ: अंबडच्या शेडसाठी चांगली, पण आधी राउटर तपासा

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांत मशीनवर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावून नग मोजायचे म्हटलं की पहिली अडचण आयपीची, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याची. लाइट जाऊन आली की राउटर पत्ते नव्याने वाटू शकतो आणि ऑफिसातल्या संगणकाला पाय सापडत नाही. पायथन-झिरोकॉन्फ या लायब्ररीने हा प्रश्न सुटतो: त्याच नेटवर्कवरची मशीन पत्ता माहीत नसतानाही नावाने सापडतात. पायथनच्या पिप या इन्स्टॉलरने बसते, हेच काम करणारं अवाही किंवा बॉनजूर वेगळं लागत नाही. घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंटही हीच लायब्ररी वापरतं.

पायवर सर्व्हिसइन्फो (सेवेचं नाव, पत्ता, पोर्ट) बनवून नोंदवायचं, ऑफिसात सर्व्हिसब्राउझर चालवायचा, तो सापडलेल्या मशीनची यादी देतो. देवाणघेवाण यूडीपीच्या ५३५३ पोर्टवर, २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर होते. सर्व्हिसच्या प्रकाराच्या नावात शेवटी 'लोकल'नंतरचा टिंब हवाच. तो राहिला की नोंद होत नाही.

खरी गोची पत्ता भरताना होते. बरेच जण पायथनच्या गेटहोस्टबायनेम या फंक्शनचं उत्तर तसंच देतात. डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर ते बहुतेकदा १२७.०.१.१, म्हणजे 'मी स्वतः' असा पत्ता, येतं. मग यादीत मशीन दिसतं, पण जोडणी ऑफिसातल्या संगणकाच्या स्वतःवरच जाते. पत्ता नेटवर्क कार्डावरूनच घ्या. त्यासाठी लागणारी इफअ‍ॅडर लायब्ररी झिरोकॉन्फसोबत आलेलीच असते.

दुसरी गोष्ट लाइटचीच. प्रोग्रॅम नीट बंद केला, नोंद काढली, तर निरोपाचं पॅकेट जातं आणि नाव लगेच यादीतून उतरतं. वीज अचानक गेली तर हे होत नाही. पत्त्याची नोंद १२० सेकंदांत संपते, पण सर्व्हिसची ४५०० सेकंद, म्हणजे सव्वा तास टिकते. तोवर बंद मशीन यादीत चालू दिसत राहतं. नोंदवताना 'अदर टीटीएल' (सर्व्हिसच्या नोंदीची ही मुदत) कमी करा, आणि यादीवर विसंबण्याआधी टीसीपी जोडणी करून बघा. सर्व्हिसचा तपशील विचारणारं गेटसर्व्हिसइन्फो ३ सेकंद थांबून 'नन' (काहीच नाही) देऊ शकतं, तेही तपासायलाच हवं.

काहीच सापडत नसेल तर कोडला हात लावण्याआधी राउटरवर वायफायचं क्लायंट आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग) बंद आहे का पाहा. विंडोजवर फायरवॉल ५३५३ अडवू शकते. प्रोग्रॅम डॉकर कंटेनरमध्ये चालवत असाल तर त्याच्या नेहमीच्या ब्रिज नेटवर्कवरून मल्टिकास्ट बाहेर जात नाही, होस्ट नेटवर्क द्यावं लागतं. शेड आणि ऑफिस वेगळ्या व्हीलॅनवर (एकाच जाळ्याच्या वेगळ्या केलेल्या भागांवर) असतील तर ही लायब्ररी एकटी पुरत नाही. मध्ये एका भागातले संदेश दुसऱ्यात पोचवणारा, अवाहीसारखा रिफ्लेक्टर बसवावा लागतो.