१६५ वॅटचा ‘ब्लॅक बॉक्स’ एलईडी तीन फुटी रीफ टँकवर: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

टाकी ९० × ४५ × ४५ सेंमीची, खाऱ्या पाण्याची, कोरल म्हणजे प्रवाळ ठेवण्यासाठी (अशीला रीफ टँक म्हणतात). खडक-रेती वजा जाता साधारण दीडशे लिटर पाणी, खाली कपाटात संप (पाणी गाळायची दुसरी टाकी). आत सगळे सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ: मश्रूम, झोआ, दोन टोडस्टूल लेदर आणि वेगळ्या दगडावर झेनिया. वर मधोमध एकच दिवा. काळी पत्र्याची पेटी, ५५ एलईडी, ९० अंशांच्या लेन्स, निळा आणि पांढरा असे दोन चॅनेल, प्रत्येकाला वेगळी नॉब आणि वेगळी वायर, वरच्या बाजूला दोन पंखे. निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या ह्या पेट्या आतून बऱ्याचशा सारख्याच असतात, म्हणून छापलेल्या नावाला फारसा अर्थ नाही. थोडक्यात मत असं: सॉफ्ट कोरलसाठी प्रकाश गरजेपेक्षा जास्तच मिळतो. वायर, प्लग आणि पंखे मात्र स्वतः सुधारून घ्यावे लागतात, आणि ते केल्याशिवाय हा दिवा पाण्यावर टांगू नये.

आधी वॅटचा हिशोब. ५५ एलईडी गुणिले ३ वॅट म्हणून १६५. भिंतीच्या सॉकेटवर पॉवर मीटर लावला की दोन्ही चॅनेल पूर्ण असताना आकडा ११५च्या आसपास दिसतो. ही फसवणूक मानू नका, कारण एलईडी मुद्दाम कमी करंटवर चालवतात आणि ते त्यांच्या आयुष्यासाठी चांगलंच आहे. रोजची सेटिंग निळा ४५ टक्के, पांढरा १५ टक्के. निळा दहा तास, पांढरा मधले पाच. महिन्याला दहा-अकरा युनिट पडतात.

प्रकाश मोजायला मोबाइलचं लक्स अ‍ॅप वापरू नका. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला ते पूर्ण गुण देतं, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला जेमतेम चार टक्के. कोरलच्या पेशींत राहणारी झूझॅन्थेली शैवालं मात्र निळ्यावरच जास्त जगतात. त्यामुळे अ‍ॅप ‘अंधार’ म्हणतं तेव्हाही कोरल भाजून निघत असू शकतात. पार मीटर (शैवालांना वापरता येणारा प्रकाश, म्हणजे ‘पार’, मोजणारं यंत्र) भाड्याने किंवा ओळखीत मिळाला तर एक दिवस आणा आणि टाकीचा नकाशा काढून ठेवा, पुढे नॉब फिरवताना तोच कामाला येतो. दिवा पाण्यापासून २५ सेंमी वर आणि रोजची सेटिंग असताना अर्ध्या खोलीवर मधोमध १०० ते ११०, वाळूवर ६० ते ६५, कोपऱ्यांत ३० असे पारचे आकडे आले. ९० अंशांच्या लेन्समुळे मध्यभाग उजळ आणि टोकं मंद, हे तीन फुटांवर अटळच. दिवा ३० सेंमीवर घेतला की फरक थोडा कमी होतो. मश्रूम कोपऱ्यांत आणि वाळूवर, झोआ नि लेदर मधल्या खडकावर, अशी मांडणी जमते. चार फुटांच्या टाकीला मात्र दोन पेट्या लागतील.

नवीन दिव्याखाली सुरुवात निळा २० आणि पांढरा ५ टक्क्यांवर करावी आणि दर आठवड्याला निळा पाच टक्क्यांनी वाढवावा. घाई केली की कोरल आतली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. मश्रूमच्या कडा वर वळून वाटी झाली की प्रकाश जास्त. झोआचे देठ लांब होऊन माना वर काढू लागले की कमी. टोडस्टूल चार-सहा दिवस मिटून वर मेणासारखी साय आली तर दिव्याला हात लावू नका. तो कात टाकतोय, पाण्याचा प्रवाह थोडा वाढवला की साय निघून जाते.

आता विजेकडे वळू, कारण खरी काळजी तिथेच आहे.

पेटीबरोबर आलेल्या दोन्ही वायरींना परदेशी प्लग होता. त्याला बाजारातलं दोन पिनांचं अ‍ॅडॅप्टर लावलं की दिवा लागतो, पण अर्थिंग तुटतं, आणि पेटी पत्र्याची आहे. ड्रायव्हरच्या (घरच्या विजेवर एलईडी चालवणाऱ्या सर्किटच्या) आत, तारांवरचा खरखराट दाबण्यासाठी, मुख्य वायरीतून पेटीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर व्होल्टेज तरंगत राहतं. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक पेटीच्या स्क्रूला आणि दुसरं सॉकेटच्या अर्थला लावलं की ८०-१०० व्होल्ट दिसू शकतात. करंट अगदी थोडा असतो, पण ओल्या हाताला, विशेषतः बोटाला कापलेलं असलं तर, मुंग्या येतात. ‘थोडं झिणझिणतं, एलईडीला असं होतंच’ असं दुकानदार सांगतात. हे मान्य करू नका. अर्थ जोडला की झिणझिण थांबते, आणि उद्या आतली फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली तरी करंट तुमच्यातून न जाता अर्थमधून जातो.

उपाय अर्ध्या तासाचा आहे. प्लग कापून चांगल्या कंपनीचे ६ अँपिअरचे तीन पिनी प्लग टॉप बसवा: हिरवी-पिवळी वायर मोठ्या पिनला, तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला. मग दिवा बंद आणि प्लग बाहेर असताना मोठी पिन आणि पेटीचा स्क्रू यांत रेझिस्टन्स मोजा. एक ओहमपेक्षा कमी यायला हवा. रंगावर प्रोब टेकवला तर काहीच दिसणार नाही, म्हणून उघडा स्क्रूच धरा. आकडा आलाच नाही तर पेटी उघडून अर्थची वायर पत्र्याला नीट कसली आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. अशा पेट्यांत ती रंगावरच कसलेली असण्याची शक्यता असते. आणि सॉकेटमध्ये अर्थ खरोखर आलाय ना, हेही त्याच्याकडूनच तपासून घ्या.

दुसरी गोष्ट आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा नेहमीचा स्विच) वायर वाचवतो, माणूस नाही. टाकीच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा हवा. घराच्या मुख्य बोर्डावर आधीच आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यावरचा आकडा वाचा. अनेक घरांत तो १०० मिलिअँपिअरचा असतो आणि माणसाला वाचवण्यासाठी तो पुरेसा नाही. इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हरांसाठी ‘ए’ टाइप घ्या. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. शक्य असेल तर दोन वेगळे बसवा: एकावर दिवा आणि हीटर, दुसऱ्यावर वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) आणि रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर चढवणारा). सगळं एकाच आरसीसीबीवर असलं आणि तो तुम्ही घरी नसताना पडला, तर प्रवाह थांबून ऑक्सिजनअभावी मासे जातात.

तिसरी गोष्ट मीठ. खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वायरीवर, काचेच्या काठावर, प्लगच्या खाचेत सुकून पांढरी पूड जमते. कोरडी असताना ती निरुपद्रवी वाटते. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे जवळपास रोजचंच. त्या ओल्या थरातून दोन पिनांच्या मधे करंट वाहू लागतो, प्लास्टिकवर तपकिरी रेषा उमटते आणि शेवटी जळका वास येतो. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड संपच्या कपाटात कधीच नको. बाजूच्या भिंतीवर, उभा बसवा. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली जाईल असा झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही. पावसाळ्याआधी आणि मधे एकदा सगळे प्लग काढून पिना बघा.

टांगण्याबद्दल थोडं. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला नाही, स्लॅबला अँकर फास्टनर. सोबत आलेल्या दोन स्टीलच्या तारांखेरीज तिसरी ढिली तार सुरक्षेसाठी लावा. चालू पेटी पाण्यात पडणं हा ह्या छंदातला सगळ्यात वाईट अपघात आहे.

पंखे हा पुढचा कमजोर दुवा. ते खारी हवा ओढतात, बेअरिंग गंजतं, आधी घरघर येते आणि मग पंखा थांबतो. पंखा थांबला तरी दिवा चालूच राहतो, एलईडी तापतात आणि एखादा उडतो. एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असल्यामुळे एक तुटला की बऱ्याच पेट्यांत अख्खी रांग विझते. घरघर ऐकू आली की लगेच १२ व्होल्टचा त्याच मापाचा पंखा बदला. बदलताना दोन्ही वायरी सॉकेटमधून काढा, एक नव्हे. एलईडीच्या रांगेत ८० व्होल्टच्या आसपास डीसी असतो, त्यामुळे बंद केल्यावरही दहा मिनिटं थांबून मगच उघडा. लेन्सवरचा मिठाचा थर दर पंधरा दिवसांनी आरओच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, नाहीतर प्रकाश हळूहळू कमी होत जातो आणि लक्षातही येत नाही.

टायमर १६ अँपिअरचा घ्या. ड्रायव्हर चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतो, त्याने हलक्या स्मार्ट प्लगचे रिलेचे काँटॅक्ट चिकटतात आणि दिवा रात्रभर चालू राहतो. टाकीत हात घालून काम करताना निळा चॅनेल १० टक्क्यांवर आणा. लेन्सच्या खालून वर बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. तीव्र निळा प्रकाश डोळ्याच्या पडद्याला इजा करतो.

उन्हाळ्यात दिव्याच्या उष्णतेचा त्रास मेटल हॅलाइड ह्या जुन्या, खूप तापणाऱ्या दिव्यांच्या मानाने फारच कमी. तरी एप्रिल-मेमध्ये पाणी थंड करायला पृष्ठभागावर पंखा लावलात तर त्याचा झोत दिव्याकडे जाणार नाही असा ठेवा. पावसाळ्यात हवा दमट असल्याने तसाही तो फारसा उपयोगी पडत नाही.

आणखी ताकदीचा दिवा घ्यावा का, असं विचारलं जातं. जास्त पारची गरज अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना असते, २०० ते ३५०. भारतात सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकावरून तोडलेला तुकडा ‘फ्रॅग’ म्हणून विकत घेणं हा गुन्हा आहे आणि त्या समुद्राचं नुकसानही. कागद नसतील तर घेऊच नका. सॉफ्ट कोरलच्या टाकीला ही पेटी निम्म्या ताकदीवरही पुरते. जास्तीच्या दिव्याचे पैसे आरसीसीबी, नवीन वायरिंग आणि पंख्यांच्या एका जादा जोडीवर घाला.