वॉल्थर पीपी, अकरा महिने कमरेला: राऊंड चेंबरमध्ये ठेवावा की नको?

थरार वाचायला आला असाल तर आधीच सांगतो, जून २०२४ ते मे २०२५ या काळात हत्यार कुणावर काढायची वेळ एकदाही आली नाही. तरी घाम फुटावा असे दोन प्रसंग घडलेच. एक हुपरीच्या रस्त्यावर, दुसरा माझ्याच बेडरूममध्ये. बेडरूममधला जास्त वाईट होता.

आमचं चांदीचं काम. हुपरीच्या कारागिरांकडून माल उचलायचा आणि कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पोचवायचा, आठवड्यातून दोन-तीन खेपा. पिस्तूल मूळचं आबांचं. सत्तरी झाल्यावर ते म्हणाले, "आता तुझ्या नावावर करून घे. मला पट्टाच सोसंना झालाय, त्यात ह्यो लोखंडाचा गोळा कुठं बांधू?" परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली की वारसाला अर्ज करता येतो, ही सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. पोलीस चौकशी, हत्यार हाताळणीचं प्रशिक्षण, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या, हे सगळं केलं. त्याचं पुराण इथं नको.

हत्यार म्हणजे जर्मन वॉल्थर पीपी, .३२ बोअर. ९ मिमी आपल्याकडं सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळं पिस्तूल हवं असेल तर गाडी बत्तीसवरच येते. मॉडेल १९२९ चं, मॅगझिनमध्ये ८ राऊंड, म्हणजे काडतुसं. भरल्यावर वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे आमच्या हिशोबानं पंचाहत्तर तोळे. सोनं असतं तर कंबर दुखली नसती. सेफ्टीचा खटका स्लाईडवर, म्हणजे नळीवरच्या मागं-पुढं सरकणाऱ्या भागावर, डाव्या बाजूला आहे. तो खाली केला की फायरिंग पिन अडते आणि ताणलेला घोडा सुरक्षितपणे खाली पडतो. आणखी एक बारीक गोष्ट या पिस्तुलात आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी जिथून उडते त्या जागेत, राऊंड असला की घोड्याच्या वर, स्लाईडच्या मागच्या बाजूनं एक छोटी पिन बाहेर येते. अंधारातसुद्धा अंगठ्याला लागते. ही पिन ध्यानात ठेवा.

आता मुद्दा. मॅगझिन भरलेलं, पण चेंबर रिकामं ठेवून फिरायचं, या प्रकाराला जगभर इस्रायली पद्धत म्हणतात. वेळ आली की काढायचं, स्लाईड ओढून राऊंड चेंबरमध्ये घ्यायचा, मगच चाप. उलट अमेरिकेतले बहुतेक जाणकार सांगतात, राऊंड चेंबरमध्येच हवा, नाहीतर कमरेला वीट बांधली काय आणि पिस्तूल बांधलं काय, एकच. त्यांचा आधार डेनिस ट्युलर या साल्ट लेक सिटीच्या पोलीस प्रशिक्षकानं १९८३ मध्ये मांडलेलं गणित. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो, म्हणजे स्लाईड ओढायला वेळच उरत नाही. गणित खरं आहे, आमच्या दुकानाबाहेरच्या बोळात भाच्याला पळवून बघितलं. बोळ २१ फुटांचा नाही, त्यामुळं आणखी लवकर आला.

पहिले चार महिने मी चेंबर रिकामं ठेवलं. आबांची शिस्त तीच होती. "नळीत गोळी घालून हिंडायला आपण काय फौजदार हाय?" मोबाईलच्या स्टॉपवॉचवर, डमी राऊंड घालून, शर्टाखालून काढून स्लाईड ओढायचा सराव केला. तीन सेकंदांच्या आत बसत होतं. नेमबाज राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात रॅपिड फेरीत प्रत्येक गोळीला तीनच सेकंद मिळतात, तेव्हा आपण अगदीच वाया नाही, असं वाटून छाती फुगली. (ती तेवढ्यात दहाच्या रिंगणात मारते आणि मी नुसता काढून उभा राहतो, हा भाग सोडून द्या.)

सप्टेंबरमध्ये छाती खाली आली. संध्याकाळची वेळ, पाऊस, हुपरीहून परत येताना गाडी पंक्चर. मी उतरलो, चांदीची बॅग डाव्या हातात, कारण ती गाडीत सोडायची नाही हा नियम. मागून एक मोटरसायकल आली, दोघं जण, हेल्मेट घातलेले. थांबले. "काय झालं मालक, जॅक हाय का?" बिचारे मदतीला थांबले होते, स्टेपनी त्यांनीच बसवून दिली. पण ते उतरून माझ्याकडं चालत आले त्या पाच-सहा पावलांत मला कळून चुकलं, की स्लाईड ओढायला दुसरा हात लागतो आणि माझ्या दुसऱ्या हातात दहा किलो चांदी आहे. घरी येऊन एका हातानं जमतं का बघितलं. मागची साईट पट्ट्याला अडकवून स्लाईड ढकलतात म्हणे. पीपीची साईट इतकी बुटकी की पट्ट्यावरून घसरते. सहा वेळा केलं, दोनदा जमलं.

तेव्हा ठरवलं, राऊंड चेंबरमध्ये. ऑक्टोबर उजाडला आणि पहिल्याच दिवशी मुंबईहून बातमी, अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायाला लागली. आमच्या गुजरीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता, आणि ज्याच्याकडं परवाना आहे त्याच्याकडं बघून प्रत्येक जण हसत होता. त्यातच विधानसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यार पोलीस ठाण्यात जमा. जवळपास सहा आठवडे कंबर हलकी, डोकं जड.

निकालानंतर हत्यार परत आलं आणि डिसेंबरपासून चेंबर भरून फिरायला लागलो. घोडा खाली, सेफ्टी खाली. पहिला चाप डबल ॲक्शनचा, म्हणजे लांब आणि जड, त्यामुळं तसा निर्धास्त होतो. खेपेला जाताना खरोखर बरं वाटायचं, खोटं का बोलू. पण दोन गोष्टी हळूहळू दिसायला लागल्या.

पहिली होल्स्टरची. हौसेनं चप्पल लाईनमधल्या एका कारागिराकडून करून घेतलं होतं. पिस्तूल दाखवायचं नाही म्हणून पुठ्ठ्याचा साचा नेला. त्यानं तो उलटापालटा केला आणि म्हणाला, "मालक, मोबाईल तर न्हवं ह्यो." चामडं नंबर एक, हिरडा-बाभळीत कमावलेलं. पण कोल्हापुरी चामडं ते, चाललं की करकर. लपवून बाळगायचं हत्यार आणि ते पायताणासारखं वाजतंय! ते एक वेळ चालेल. खरा दोष वेगळा. तीन-चार महिन्यांचा घाम आणि पाऊस खाऊन तोंडाची कड मऊ पडली आणि आत दुमडायला लागली. पिस्तूल परत आत सरकवताना ती दुमड चापाच्या कडीत शिरते. चेंबर रिकामं असताना हे लक्षातसुद्धा आलं नव्हतं. चेंबर भरलेलं असेल तर चाप तुमचं बोट ओढतंय की चामड्याची घडी, हे पिस्तुलाला कळत नाही. त्या दिवशी ते होल्स्टर सोडलं आणि कायडेक्सचं कडक घेतलं. दिसायला प्लॅस्टिकच्या डब्यासारखं, पण तोंड उघडंच राहतं आणि चाप पूर्ण झाकला जातो. चेंबरमध्ये राऊंड ठेवणार असाल तर मऊ चामडं नको, एवढं माझ्या शब्दावर घ्या.

दुसरी गोष्ट रोजच्या काढ-घालीची. घरात दोन पोरं आहेत, त्यामुळं घरात भरलेलं हत्यार ठेवायचं नाही ही बायकोची अट. म्हणजे सकाळी चेंबर भरा, रात्री रिकामं करा. सकाळी घोडा खाली सोडताना नळी कपाटाशेजारच्या वाळूच्या बादलीकडं धरायची. धाकट्याला अजून वाटतं बादली आग विझवायला आहे. राऊंडचा कोटा मोजका, त्यामुळं रात्री निघालेला राऊंड सकाळी परत मॅगझिनमध्ये सगळ्यात वर. म्हणजे रोज तोच राऊंड चेंबरमध्ये आपटतोय. फेब्रुवारीत सहज चमक वेगळी दिसली म्हणून दुकानातला व्हर्नियर लावला. .३२ एसीपी राऊंडची कमाल लांबी २५ मिमी. पाकिटातला कोरा राऊंड २४.९ भरला. रोजचा भरला २४.३. गोळी कवचात आत ढकलली गेली होती. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि हे पिस्तूल माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे. चांदीत गुंजेचा फरक पकडणारा मी, कमरेच्या काडतुसात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडलेला दोन महिने बघितला नाही.

आणि मार्चमधली ती रात्र. उशीर झालेला, लाईट गेलेली. नेहमीचा क्रम असा, आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाईड ओढायची. त्या रात्री उलटं झालं. स्लाईड आधी ओढली, राऊंड टपकन गादीवर पडला. मग मॅगझिन काढलं. गादीवर राऊंड, हातात मॅगझिन, म्हणजे पिस्तूल रिकामं. डोक्यानं हिशोब मिटवून टाकला. पण स्लाईड ओढताना मॅगझिन आतच होतं, त्यामुळं पुढचा राऊंड चेंबरमध्ये जाऊन बसलेला. पीपीला मॅगझिन काढलं तरी गोळी सुटते. मी सेफ्टी वर केली, सरावाच्या सवयीनं चापावर बोट नेलं, तेवढ्यात अंगठ्याला ती पिन टोचली.

पाच मिनिटं तसाच बसून होतो. आतून आवाज आला, "अहो, मेणबत्ती आणू का?" नको म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

दुसऱ्या दिवसापासून चेंबर रिकामं, ते आजतागायत. यावर एक जाणकार मित्र म्हणाला, चूक चेंबरची नाही, तुझ्या काढ-घालीची आहे. होल्स्टरसकट काढ आणि होल्स्टरसकट तिजोरीत ठेव, राऊंडला हातच लावू नको. बरोबर आहे त्याचं. नवं पिस्तूल, कडक होल्स्टर, आकड्यांची तिजोरी आणि घरात भरलेल्या हत्याराला हरकत नसेल, तर राऊंड चेंबरमध्ये ठेवा आणि तिथून हलवू नका. माझ्याकडं घरची अट आहे आणि ती मोडायची नाही. कारण तांत्रिक नाही, घरगुती आहे.

हुपरीच्या रस्त्याचा प्रश्न मात्र उरलाच होता. तो पिस्तुलानं सुटला नाही. आता खेपेला भाचा बरोबर येतो, बॅग त्याच्या हातात, माझे दोन्ही हात मोकळे. शिवाय खेप नसलेल्या दिवशी हत्यार तिजोरीतच. आधी उगाच रोज बांधायचो, मग अंबाबाईच्या दर्शनाला जायचं तर कुठं ठेवायचं ही पंचाईत, लग्नाला गेलं की कुणीतरी पाव्हणा "जरा दाखवा की" म्हणून मागं लागणार.

आखूड झालेला राऊंड वेगळ्या डबीत आहे, परवान्याच्या मोजणीत धरून. तो उडवायचा नाही. चामड्याचं होल्स्टर आबांनी चष्म्याला घेतलं. सकाळी पेपर वाचायला बसले की आत स्वयंपाकघरापर्यंत करकर ऐकू येते.