अफवेला उत्तर द्यायची साधनं: कोणतं किती कामाचं

अफवा पडताळणाऱ्या साधनांचे परिचय बहुधा 'यानं खोटं सापडतं का' इथंच संपतात. सापडतं, बहुतेक वेळा सापडतं. अडतं ते पुढं. सापडलेलं समोरच्याला असं कळवायचं असतं की तो ते वाचेल आणि तोच निरोप आणखी वीस जणांना पाठवायचं थांबेल. म्हणून इथं प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावली आहे: त्यातून निघालेलं उत्तर चार ओळींत मावतं का, आणि सोबतची लिंक फोनवर उघडणाऱ्याला लगेच उलगडते का.

नमुन्याला एक मुरलेला निरोप घेऊ. 'एटीएमपाशी कोणी धमकावलं तर पिन उलटा टाका. पैसे निघतील आणि पोलिसांना आपोआप खबर जाईल.' साखळी ईमेलच्या काळापासून तो फिरतो आहे. निवडायचं कारण म्हणजे तो निव्वळ हवेतला नाही. पिन बदलून टाकून इशारा देण्याच्या कल्पनेवर अमेरिकेत १९९८ साली पेटंट मिळालेलं आहे. मात्र तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१० मध्ये या विषयावर अहवाल दिला, तेव्हा त्यांनी विचारणा केलेल्या बँका आणि एटीएम बनवणाऱ्यांपैकी कोणाकडेच अशी सोय नव्हती. शिवाय २११२ हा पिन उलटा केला तरी २११२च राहतो. अर्धसत्य निस्तरणं निखळ खोट्यापेक्षा कठीण, आणि साधनांचा कस तिथंच लागतो.

मजकुराच्या अफवांसाठी स्नोप्स ही अफवा तपासणारी अमेरिकन वेबसाइट अजूनही पहिल्या क्रमांकावर. १९९४ पासून चालू असल्यामुळे जुन्या ईमेलांचा इतका साठा दुसरीकडे नाही, आणि अफवा नव्या क्वचितच असतात. नावगाव बदलून त्याच परत येतात. निकालाचे शेरेही नुसते खरं-खोटं नसतात. 'मिक्स्चर' म्हणजे काही खरं काही खोटं, 'आउटडेटेड' म्हणजे एकेकाळी खरं, 'मिसकॅप्शन्ड' म्हणजे फोटो खरा पण ओळ चुकीची. शोधताना अख्खा मजकूर चिकटवू नका. गावाचं नाव, तारीख, रक्कम हे दर फेरीत बदलतं, ते गाळा आणि न बदलणारे तीन-चार विचित्र शब्द इंग्रजीत टाका: रिव्हर्स, पिन, एटीएम. एवढ्यानं काम होतं.

उणिवा दोन. लेख लांब आणि इंग्रजी, त्यामुळे नुसती लिंक पाठवणं म्हणजे उत्तर न देण्यासारखंच. त्यातली दोन वाक्यं आपल्या शब्दांत काढून द्यावी लागतात. आणि २०२१ मध्ये सहसंस्थापकानं इतर वृत्तसंस्थांचा मजकूर उचलल्याचं उघड झालं, तेव्हा संस्थेला डझनावारी लेख मागे घ्यावे लागले. ती चोरी मजकुराची होती, निकाल खोटे ठरले असं नव्हे. पण वाद घालणारा माणूस हे पुढं करतो, तेव्हा मूळ अहवालाची दुसरी लिंक जवळ असावी. जाता जाता: 'स्नोप्सवर तपासलं, खरं आहे' असं निरोपातच लिहिलेलं असेल तर ती लिंक हमखास उघडा. बऱ्याचदा तिथं नेमकं उलटं लिहिलेलं असतं.

गूगलचं फॅक्ट चेक एक्सप्लोरर वेगळ्या कामाचं. ते स्वतः काही तपासत नाही. जगभरच्या पडताळणी करणाऱ्यांनी आपल्या लेखांना जोडलेल्या ठरावीक खुणा वाचून ते लेख एका जागी आणतं. भाषा निवडता येते, मराठी लेखही सापडतात, आणि आपल्या कसोटीवर हा मोठा गुण: वाचणाऱ्याच्या भाषेतली लिंक मिळते. मराठीत हाती काही लागलं नाही तर तेच शब्द हिंदीत आणि मग इंग्रजीत टाका. फोटो चढवूनही शोधता येतं. दोन गोष्टी लक्षात असू द्या. शेरे ज्याच्या त्याच्या शब्दांत असतात, एकाचं 'दिशाभूल करणारं' दुसऱ्याचं 'खोटं' असतं. आणि शून्य निकाल म्हणजे निरोप खरा असा अर्थ मुळीच नाही. त्यावर खुणा लावून कोणी लिहिलेलं नाही, एवढंच.

फोटो देऊन तो इंटरनेटवर आणखी कुठं आहे ते शोधायचं (यालाच उलट शोध म्हणतात), तर त्यासाठीच्या टिनआय आणि गूगल लेन्स यांत 'कोणतं चांगलं' हा प्रश्नच चुकीचा. टिनआय त्याच फोटोच्या प्रती शोधतं, मग त्या कापलेल्या असोत, आकार बदललेल्या असोत वा रंग फिरवलेल्या. लेन्स दिसायला सारखं असलेलंही आणून ओततं; इमारत, पाटी, गणवेश ओळखायला ते उत्तम, पण कपडे-चपलांच्या दुकानांच्या लिंकाही त्यात घुसतात. पुराचा 'आजचा' फोटो जुना आहे हे दाखवायचं असेल तर टिनआयमध्ये निकाल 'ओल्डेस्ट' क्रमानं लावा. इथं एक खोच आहे: दिसणारी तारीख टिनआयला ती प्रत पहिल्यांदा सापडली तेव्हाची असते, फोटो काढल्याची नव्हे. उत्तरात 'हा फोटो २०१६चा आहे' असं लिहू नका. 'निदान २०१६ पासून इंटरनेटवर आहे' असं लिहा. पहिलं वाक्य कोणी खोडून काढलं तर अख्खं उत्तर पडतं.

काहीच सापडलं नाही तर फोटो आडवा उलटवून, आरशातल्यासारखा करून, पुन्हा शोधा. वरची लिहिलेली पट्टी कापून टाका. तरीही नाही मिळालं तर गप्प बसणं बरं. यंत्रानं (एआयनं) नुकत्याच बनवलेल्या चित्राची जुनी प्रत मुळात नसतेच, त्यामुळे 'कुठंच सापडला नाही' हा ना खरेपणाचा पुरावा ना खोटेपणाचा.

व्हिडिओंसाठी इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरमध्ये बसवायचं विस्तारक. लिंक द्या किंवा फाइल चढवा. ते व्हिडिओतल्या ठळक चौकटी वेगळ्या काढतं आणि त्या एकेक करून उलट शोधाला लावता येतात. हेच हातानं करायचं तर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेत बसावं लागतं. काही भाग नोंदणीशिवाय उघडत नाहीत, आणि मांडणी पत्रकारांसाठी केलेली असल्यानं पहिल्यांदा गोंधळायला होतं. रोजच्या फॉरवर्डांसाठी हे जरा अवजडच.

ईमेलपुरतं एक साधन जीमेलमध्येच आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही: पत्राच्या तीन ठिपक्यांतलं 'शो ओरिजिनल'. वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकाल दिसतात; पत्र खरंच त्या नावाच्या पत्त्यावरून आलं का, हे तपासणाऱ्या या चाचण्या. बँकेच्या नावानं आलेल्या पत्रात तिथं 'फेल' असेल तर पत्र बनावट असल्याची दाट शक्यता. 'पास' दिसलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. तो पास कुठल्या डोमेनचा (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचा) आहे ते बघा. फसव्या डोमेनलाही स्वतःचा पास मिळतो. पत्र कुठून कुठून आलं हे सांगणाऱ्या 'रिसीव्ह्ड'च्या ओळी खालून वर वाचायच्या. पण कोणी फॉरवर्ड केलेलं पत्र असेल तर हे सगळं फॉरवर्ड करणाऱ्याचंच दिसतं, मूळ पाठवणाऱ्याचं नाही. मूळ पत्र 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' करून मागवलं तरच खरी माहिती मिळते.

व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाची खूण म्हणजे निरोप निदान पाच हातांतून आला आहे. तो पुढं एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला की ही खूण गळून पडते, म्हणून खूण नाही याचा अर्थ 'त्यानं स्वतः लिहिलं' असा धरू नये.

आता उत्तर. पिनच्या निरोपाला पुढचं पुरतं:

'एटीएमवर उलटा पिन टाकला तर तो चुकीचा पिन धरला जातो. पोलिसांना काही कळत नाही. या कल्पनेचं पेटंट आहे, त्यावरून हा निरोप निघाला असावा, पण अमेरिकेत २०१० मध्ये चौकशी झाली तेव्हा अशी सोय कोणाकडेच आढळली नाही. अडचणीच्या वेळी यावर विसंबलात तर चोर आणखी बिथरेल. ज्यांना पाठवलंय त्यांना एवढं कळवाल का?'

खरी गोष्ट पहिल्या वाक्यात, कारण पुष्कळ जण तेवढंच वाचतात. अर्धसत्य कुठून आलं ते सांगितलं की पाठवणारा मूर्ख ठरत नाही. शेवटी एक सोपं काम दिलं आहे. 'पाठवण्यापूर्वी विचार करत जा' हे वाक्य मुद्दाम नाही. ते आलं की भांडण पाठवणाऱ्याच्या अब्रूचं होतं आणि पिन बाजूला राहतो. उत्तर आधी त्याला एकट्याला. औषध, पैसे भरायची लिंक किंवा आत्ताच कोणाला इजा होईल असं काही असेल तरच सर्वांसमोर.

निरोपानं काही करायला लावलं असेल तर उत्तरात दुरुस्तीही हवी. २००२ मध्ये टेडी बेअरचं चिन्ह असलेली फाइल व्हायरस आहे, शोधा आणि डिलीट करा, असं ईमेल फिरलं. फाइल विंडोजचीच होती, त्यामुळे शोधणाऱ्या प्रत्येकाला ती सापडायची आणि ईमेल खरं वाटायचं. अशा वेळी 'अफवा आहे' एवढंच कळवून भागत नाही. ज्यानं फाइल उडवली त्यानं आता काय करायचं ते लिहावं लागतं.

ईमेलनं उत्तर देताना विषयाची ओळ बदला, नाहीतर 'तातडीचे! उलटा पिन' हेच शीर्षक 'रिप्लाय' होऊन पुन्हा सगळ्यांकडे जातं. जीमेलमध्ये उत्तराशेजारच्या बाणातून 'एडिट सब्जेक्ट' मिळतं. विषय बदलला की पत्र नव्या संभाषणात जातं हे ध्यानात ठेवा. खाली साठलेले पत्ते पुसून टाका. अनेकांना पाठवायचं असेल तर बीसीसीत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. खोटा फोटो परत जोडू नका. जोडायचाच तर त्यावर आडवी ठळक पट्टी मारून, म्हणजे कोणी तो कापून पुन्हा फिरवणार नाही.

लिंक टिकावी म्हणून वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनचं 'सेव्ह पेज नाऊ' वापरा. तयार होणाऱ्या पत्त्यात चौदा आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, सगळे जागतिक प्रमाणवेळेत. नंतर मूळ पान बदललं तरी तेव्हा काय लिहिलेलं होतं ते दाखवता येतं. पानं उघडायला मात्र ते कंटाळा येईल इतकं संथ आहे.

फक्त फोन असेल तर लेन्स आणि फॅक्ट चेक एक्सप्लोरर एवढे दोन पुरेत. टिनआय फोनच्या ब्राउझरमध्ये चालतं, इनव्हिडसाठी संगणकच लागतो.