एएफएफ कोर्स: वरच्या पाऊण मिनिटाला पैकीच्या पैकी, शेवटच्या तीनशे फुटांना काठावर पास

एएफएफ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल, स्कायडायव्हिंग शिकण्याची जलद पद्धत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रूढ झालेली ही पद्धत आता बहुतेक स्कायडायव्हिंग शाळा वापरतात. सकाळी वर्गात बसलेला माणूस हवामानाने साथ दिली तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तेरा हजार फुटांवरून स्वतःचं पॅराशूट पाठीला लावून बाहेर पडतो. टॅन्डम उडीत तुम्ही इन्स्ट्रक्टरला बांधलेलं सामान असता. इथे पॅराशूट उघडायचं हँडल तुम्ही ओढायचं आणि उतरायचंही तुम्हीच. शिक्षण म्हणून कोर्स चांगलाच आहे, पण त्याचा सगळा भर एका टोकाला आहे आणि पाय मोडतात ते दुसऱ्या टोकाला.

साधा हिशेब बघा. १३,००० फुटांवरून उडी आणि ५,५०० फुटांवर हँडल, म्हणजे मोकळं पडणं जेमतेम पाऊण मिनिटाचं. पहिल्या दहा सेकंदांत साधारण हजार फूट जातात, मग ताशी १९०-२०० किलोमीटरचा वेग पकडला की दर साडेपाच सेकंदाला हजार. त्यानंतर कॅनोपीखाली, म्हणजे उघडलेल्या पॅराशूटखाली, पाचेक मिनिटं. कोर्सच्या लेव्हल्स बहुतेक सगळ्या त्या पाऊण मिनिटातल्या कामगिरीवर मोजल्या जातात: दिशा धरली का, वळण जमलं का, गिरकी सावरली का. नवशिक्याचा घोटा किंवा नडगी मात्र मोडते ती शेवटच्या दोन-तीन सेकंदांत, वर व्यवस्थित उघडलेलं पॅराशूट असताना.

आधी जे उत्तम आहे ते. पहिल्या उडीआधीचा सहा-आठ तासांचा वर्ग हा या कोर्सचा सगळ्यात घट्ट विणलेला भाग. उघडलेल्या कॅनोपीला तीन प्रश्न विचारायचे: चौकोनी आहे का, स्थिर आहे का, हाताने वळते आणि फ्लेअर होते का (दोन्ही मुठी एकदम खाली ओढल्या की तिचा वेग मोडतो का). स्लायडर (दोऱ्यांवरून खाली सरकत कॅनोपी हळू उघडू देणारा कापडी तुकडा) अर्ध्यात अडकला असेल तर टॉगल, म्हणजे वळवायच्या मुठी, दोन-तीनदा खालपर्यंत ओढून धरायचे. दोऱ्यांना पीळ पडला असेल तर रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे खांद्यावरचे पट्टे) दोन्ही हातांनी फाकवून उलट दिशेने पाय झाडायचे. हे सगळं निर्णयाच्या उंचीपर्यंतच. अमेरिकन पॅराशूट संघटनेच्या (यूएसपीए) शिफारशीनुसार विद्यार्थ्यासाठी ती २,५०० फूट आहे. तिथवर उत्तर ‘हो’ नसेल तर वाद घालायचा नाही: उजवीकडचं लाल, मऊ हँडल बघायचं, पकडायचं, सोलून हात पूर्ण लांब होईतो ओढायचं, म्हणजे बिघडलेलं मुख्य पॅराशूट सुटतं. मग डावीकडचं चंदेरी, म्हणजे राखीव पॅराशूट (रिझर्व्ह) उघडतं. हा क्रम उलटा झाला तर रिझर्व्ह बिघडलेल्या मुख्य कॅनोपीत गुंतू शकतं. बऱ्या शाळेत हे टांगत्या हार्नेसमध्ये लटकवून, ओरडून, चित्रं दाखवून इतक्यांदा करून घेतात की हात डोक्याची वाट बघत नाही. पण पहिल्या दिवशी वीस वेळा आणि चौथ्या लेव्हलला ‘येतं ना तुला?’ एवढ्यावर भागवणाऱ्या शाळाही आहेत. उडीच्या प्रत्येक दिवशी हा सराव पुन्हा घेतला जातो का, हे प्रवेशाआधी विचारावं.

भीतीचं व्यवस्थापनही कोर्सने विचारपूर्वक बसवलंय, जरी कोणी त्याला तसं नाव देत नाही. विमानाचं दार उघडतं तेव्हा थंड वाऱ्याचा लोट आणि आवाज एकदम आत येतो, आणि वर्गात पाठ केलेलं निम्मं तिथेच सांडतं. म्हणून बाहेर पडण्याचा क्रम जमिनीवर नकली दारात डझनभर वेळा, तोंडाने म्हणत करून घेतात. पहिल्या तीन लेव्हल्सना दोन्ही बाजूंनी एकेक इन्स्ट्रक्टर धरून असतो. कामं मुद्दाम थोडी ठेवतात: क्षितिज, अल्टिमीटर, एक इन्स्ट्रक्टर, दुसरा इन्स्ट्रक्टर, मग हँडलला तीन वेळा नुसता हात लावून बघणं. भीतीपेक्षा मोठी अडचण असते डोकं गच्च भरून जाण्याची. विद्यार्थी अल्टिमीटरकडे बघतो, पण वाचत नाही. काटा दिसतो, आकडा डोक्यात उतरत नाही. त्यावर साधा इलाज आहे: आकडा मोठ्याने म्हणायचा. वाऱ्यात कोणालाही ऐकू जात नाही, पण म्हणायला वाचावाच लागतो.

घाबरलेलं शरीर कंबरेत दुमडतं आणि गुडघे पोटाशी घेतं. कंबर दुमडली की पडणं डुलायला लागतं. पाय आखडले की पोटऱ्यांवर वारा लागत नाही आणि माणूस मागे मागे घसरतो. इन्स्ट्रक्टरने दोन बोटं सरळ दाखवली की पाय लांब करायचे आणि अंगठा खाली म्हणजे कंबर पुढे. हे इशारे पाठ असले तरी ताठरलेल्या अंगाला चटकन जमत नाहीत. तिथे एकच गोष्ट कामाला येते, ती म्हणजे एक लांब उच्छ्वास. श्वास सोडला की खांदे सुटतात आणि कमान आपोआप येते. उभ्या वाऱ्याच्या बोगद्यात आधी दहा-पंधरा मिनिटं काढलेल्या विद्यार्थ्यांच्या लेव्हल्स कमी अडतात, त्यामुळे ती सोय आवाक्यात असेल तर खर्च सत्कारणी लागतो. बोगदा उतरणं मात्र शिकवत नाही, आणि बोगद्यात उंची संपतही नाही. तिथे तयार झालेले काही जण अल्टिमीटर बघायचंच विसरतात.

आता काठावरचे गुण. उतरण्याचा नकाशा वर्गात अर्ध्या तासात उरकतात: १,००० फुटांवर वाऱ्यासोबत, ६०० वर आडवं वळण, ३०० वर वाऱ्याला तोंड, दहा-बारा फुटांवर फ्लेअर. मग कानात रेडिओ. खालून कोणी ‘डावीकडे वळ’, ‘फ्लेअर’ म्हणत राहतं आणि विद्यार्थी बाहुलीसारखा उतरतो. पहिल्या दोन उड्यांना हे ठीक. पाचव्या उडीलाही तसंच चालू असेल तर विद्यार्थ्याला वाऱ्याचा अंदाज येतच नाही, आणि रेडिओ ज्या दिवशी बंद पडतो त्या दिवशी तो ३०० फुटांवर कुंपण बघून दचकून जोरात वळतो. कमी उंचीवरचं असं वळण ही नवशिक्याची सगळ्यात महागडी चूक आहे, कारण वळताना कॅनोपी डुबकी घेते आणि सावरायला उंची उरलेली नसते. चांगली शाळा तिसऱ्या-चौथ्या उडीपासून रेडिओ गप्प ठेवते, आधी हवाई छायाचित्रावर विद्यार्थ्याकडून मार्ग काढून घेते, आणि २,०००-२,५०० फुटांच्या वर दोन पूर्ण फ्लेअर, दोन अर्धे फ्लेअर आणि ब्रेक धरून (टॉगल अर्धवट ओढून ठेवत) सपाट वळणं करायला लावते. हे सपाट वळण आलं की कुंपण समोर येऊनही पाय शाबूत राहतात.

फ्लेअरच्या चुका तीनच, पण वारंवार होणाऱ्या. एक, लवकर ओढणं. सरळ पायाखाली बघितलं की जमीन अंगावर धावून येते आणि हात आपसूक खाली जातात. नजर समोर, तिरकी ठेवायची. लवकर ओढलंच गेलं तर टॉगल वर सोडायचे नाहीत. सोडले तर कॅनोपी पुढे डुबकी घेऊन आपटवते. आहेत तिथे धरायचे आणि लोळून उतरायचं. दोन, पडताना एक हात जमिनीकडे टेकवायला जाणं. तो टॉगल जास्त खाली गेला की कॅनोपी त्याच बाजूला वळते आणि आणखी आपटवते. तीन, उभं राहण्याचा हट्ट. व्हिडिओत उभं उतरलेलं छान दिसतं, पण पहिल्या दहा उड्यांत पाय-गुडघे घट्ट जुळवून, चवडे, पोटरी, मांडी, कुल्हा, पाठीची बाजू या क्रमाने लोळणारा सहसा लंगडत परतत नाही. हे लोळणं दोन-तीन फुटांच्या चौथऱ्यावरून दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा घेतलं नाही तर ते फक्त वहीत राहतं. अनेक ठिकाणी दोनदा करून घेतात आणि सही घेतात.

साहित्याबद्दल तक्रारीला जागा कमी. विद्यार्थी कॅनोपी मोठ्या असतात. तरी आकडा स्वतः काढावा: ७५ किलोचा माणूस अधिक १५ किलो साहित्य म्हणजे जवळपास २०० पौंड, आणि २४० चौरस फुटांच्या कॅनोपीवर भार चौरस फुटाला ०.८३ पौंड. त्याच माणसाला ‘आज १९०चीच शिल्लक आहे’ म्हणाले तर भार एकच्या वर जातो, आणि त्या दिवशी चहा पिऊन घरी जावं. विद्यार्थी सायप्रेस (आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र) मोकळ्या पडण्याच्या वेगात ७५० फुटांवर, आणि त्या वेगाहून कमी पण सेकंदाला १३ मीटरपेक्षा जास्त वेगात १,००० फुटांवर रिझर्व्ह उघडतं. त्याच्या भरवशावर राहायचं नसतं, पण चालू आहे की नाही हे विमानात चढण्याआधी स्वतः बघायचं. रिझर्व्हच्या पॅकिंगची तारीख असलेलं कार्ड मागितलं तर कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. घातल्या तर तेही एक उत्तरच.

दुखापत झालेल्या विद्यार्थ्याचं पुढे काय, याबाबतीत कोर्स जवळजवळ मुका आहे. घोट्याचं साधं फ्रॅक्चर जुळायला सहा-आठ आठवडे लागतात, ताकद आणि तोल परतायला त्याहून बरेच जास्त. अमेरिकन संघटनेच्या शिफारशीनुसार विद्यार्थ्याची ३० दिवस उडी झाली नसेल तर इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली उजळणी करावी, म्हणजे हाड मोडलेला प्रत्येकजण त्यात येतोच. पण उजळणीत प्रश्न विचारतात तो विस्मरणाचा, पायाचा नाही. डॉक्टरचं ‘चालायला हरकत नाही’ हे उडीला पुरत नाही. डॉक्टरला सांगावं की पायावर भार अचानक, कधी तिरका येणार आहे. घरी करता येण्याजोग्या चाचण्या: एका पायावर टाच उचलणं, वीसेक वेळा, दुसऱ्या पायाइतकंच सहज, भिंतीसमोर टाच न उचलता गुडघा भिंतीला लावताना दोन्ही पायांच्या अंतरात एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नसणं, दुखऱ्या पायावर लागोपाठ दहा उड्या, न कळवळता आणि दुसऱ्या दिवशी सूज न येता. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर विषयच संपला. खांदा एकदा निखळलेला असेल तर घोट्यापेक्षा तो जास्त गंभीर समजावा, कारण मोकळ्या पडण्यात हात निखळला तर हँडलच हाताला लागत नाही.

लष्करी पॅराशूट प्रशिक्षणात बुटावरून बांधायच्या ब्रेसने (घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्याने) घोट्याच्या दुखापती कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. वापरायचाच तर दोऱ्या अडकतील असे हूक आणि लोंबते पट्टे नसलेला घ्यावा, आणि इन्स्ट्रक्टरला दाखवून.

दुखापतीनंतरची भीती जागा बदलते. दारात आता काही वाटत नाही, ३०० फुटांवर वाटतं. हात ताठ, नजर पायाखाली आणि फ्लेअर पंधरा-वीस फुटांवर. म्हणजे पहिल्या दुखापतीची तीच चूक, या वेळी भीतीपोटी. अशा विद्यार्थ्याला ‘घाबरू नकोस’ सांगणारी शाळा निरुपयोगी. त्याला परत चौथऱ्यावरून लोळायला लावणारी, एक लेव्हल मागे घेणारी, मोठी कॅनोपी देणारी आणि उतरण्याचा व्हिडिओ खालून काढून फ्लेअरची उंची दाखवणारी शाळा कामाची. हवा निवडण्यातही एक गैरसमज असतो: बिलकूल वारा नसलेली सकाळ सोपी वाटते, पण तेव्हा जमिनीवरचा वेग सगळ्यात जास्त असतो. ताशी १०-१५ किलोमीटरचा संथ, एकसारखा वारा पुनरागमनाला बरा. विद्यार्थ्यांची अमेरिकन मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साडेबावीस किलोमीटर आहे. झोत मारणारा वारा त्या मर्यादेत असला तरी नको.

पैसे भरताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. अडलेल्या लेव्हलची पुन्हा फी किती आणि ती अडली हे ठरवतं कोण. हवामानामुळे रद्द झालेली उडी किती महिने ग्राह्य. आणि प्लास्टरमध्ये गेलेल्या विद्यार्थ्याची मुदत थांबते की चालूच राहते. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक काउंटरवर आधी शांतता मिळते. मग ‘आत विचारून सांगतो’ म्हणतात, तेव्हा तिथेच थांबून लेखी उत्तर घ्यावं.