पर्यावरणाच्या राजकारणावर प्रबंध: करार अभ्यासावेत की कुरण?

पर्यावरणाचं राजकारण आणि कारभार या विषयावर पीएच.डी. करायचं ठरतं, प्रवेश मिळतो, आणि मग मार्गदर्शक विचारतात, "नेमकं बघणार काय?" इथे बरेच जण अडतात. एक वाट आंतरराष्ट्रीय करारांची: ओझोन, हवामान, जैवविविधता. दुसरी सामाईक साधनांची: कुरण, जंगल, कालवा, मासेमारीचं पाणी, आणि ते वापरणाऱ्यांनी आपसांत केलेले नियम. दोन्हींवरचे लेख त्याच त्या नियतकालिकांत शेजारी शेजारी छापून येतात, त्यामुळे लांबून त्या सारख्याच दिसतात. पण रोज सकाळी उठून करायचं काम अगदी वेगळं आहे. तीन-चार वर्षं तेच करायचं असतं, तेव्हा निवड त्या कामाकडे बघूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

करारांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः मजकुराचा अभ्यास. वाटाघाटींतला मसुदा चौकोनी कंसांनी भरलेला असतो. ज्या शब्दावर एकमत नाही तो कंसात जातो. कोणता कंस कधी सुटला, कोणत्या गटाने तो धरून ठेवला, सोडताना बदल्यात काय पदरात पाडून घेतलं, हे शोधत बसायचं. १२ डिसेंबर २०१५ ला पॅरिस करार मंजूर व्हायच्या ऐन वेळी कलम ४.४ मध्ये, विकसित देशांच्या उत्सर्जन-कपातीच्या वाक्यात, 'शॅल' हा शब्द होता. 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे नुसती अपेक्षा. 'शॅल' राहिलं असतं तर करार सिनेटपुढे न्यावा लागेल आणि तिथे तो अडेल, अशी अमेरिकेची अडचण होती. अखेर मसुद्यातली तांत्रिक चूक म्हणून सचिवालयाने त्या जागी 'शुड' वाचून दाखवलं आणि करार पार पडला. असल्या एका शब्दामागची ओढाताण उलगडताना तुम्हाला तहानभूक राहत नसेल, तर ही वाट तुमची आहे.

दुसऱ्या वाटेचा उगम एका वादात आहे. १९६८ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडलं की सामाईक कुरण उजाड होणारच, कारण प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जातो. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये जगभरातली अशी उदाहरणं एकत्र मांडली की जिथे कुरणं, जंगलं आणि कालवे शतकानुशतकं सामाईक राहूनही टिकले होते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या उदाहरणांपैकी स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल हे गाव मला सर्वांत जवळचं. तिथे १५१७ पासूनचा लेखी नियम आहे: हिवाळ्यात आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. एवढ्याने भागलं नसतं. गाई वर गेल्या की लगेच मोजल्या जात, कारण वर्षाअखेरी कोणत्या घराला किती चीज मिळणार ते त्या आकड्यावर ठरे. शिवाय जादा गाई सोडणाऱ्याला दंड करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडातला अर्धा वाटा मिळे. राखण करणाऱ्याचं पोट राखणीशी बांधलेलं होतं. हे कळायला नियमाचा कागद वाचून पुरत नाही, चीज वाटण्याच्या दिवसापर्यंत जावं लागतं.

पुराव्याच्या बाबतीत दोन्ही वाटांना आपापली दुखणी आहेत, आणि ती आधीच माहीत असलेली बरी.

करारवाल्यांचं मोठं दुखणं असं की, करार नसता तर काय झालं असतं हे दाखवता येत नाही. १९८५ च्या हेलसिंकी प्रोटोकॉलमध्ये देशांनी गंधकाचं उत्सर्जन १९८० च्या तुलनेत १९९३ पर्यंत किमान ३० टक्क्यांनी कमी करायचं कबूल केलं. सही करणाऱ्यांनी ते साधलंही. पण कोळसा मागे पडून गॅस आणि अणुवीज येत होती, म्हणजे काही देशांचं उत्सर्जन तसंही उतरणीला लागलं होतं. मग श्रेय कोणाचं? जे देश आधीच उतरत होते तेच सहीला पुढे आले असतील, तर करार कारण नसून लक्षण ठरतो. परीक्षक हा प्रश्न विचारतातच. त्याला उत्तर द्यायला आकडेवारीची पद्धत नीट शिकावी लागते, किंवा एकेका देशाच्या मंत्रालयात निर्णय कसा झाला याचा माग काढावा लागतो.

कुरणवाल्यांचं दुखणं वेगळं. टिकलेली कुरणं आपल्याला दिसतात. मोडलेल्यांची दप्तरंच उरत नाहीत. नुसत्या यशस्वी गावांवरून नियम काढला तर फसगत ठरलेली. दुसरं असं की टोर्बेलमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. तिथलं शहाणपण जवळपास दोनशे देशांच्या परिषदेला जसंच्या तसं लागू करायला गेलात तर प्रबंध लंगडा पडेल.

असं असूनही या दोन वाटांना जोडणारी एक गोष्ट आहे, आणि विषय निवडताना सर्वांत आधी तीच शोधावी असं मला वाटतं: मोजतं कोण? टोर्बेलमध्ये गाई मोजल्या जात. करारात बहुतेक वेळा देश आपले आकडे आपणच कळवतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा १९८७ चा मॉन्ट्रियल प्रोटोकॉल जगातल्या सगळ्या देशांनी स्वीकारलेला, पर्यावरण करारांमधला सर्वांत यशस्वी मानला जाणारा. कागदोपत्री सीएफसी-११ या ओझोनला घातक वायूचं उत्पादन २०१० पर्यंत थांबलं होतं. पण २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हवेतलं त्याचं प्रमाण हवं तितक्या वेगाने घटत नाहीये, म्हणजे २०१२ च्या सुमारापासून कुठेतरी नव्याने उत्सर्जन होतंय. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या मापनकेंद्रांच्या नोंदींवरून वाढीचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचं दिसलं. त्यानंतर उत्सर्जन पुन्हा खाली आलं. चोरी देशांच्या अहवालांतून कळली नव्हती, ती हवेच्या नमुन्यांनी पकडली. मला हे प्रकरण कोणत्याही घोषणापत्रापेक्षा जास्त शिकवून गेलं. करारांवर काम करायचं असेल तर असा करार घ्या, जिथे देशाच्या शब्दापलीकडे मोजण्याचं दुसरं काही साधन आहे.

वेळ, पैसा, भाषा यांचं थोडक्यात: करारांचे दस्तऐवज बहुतांश खुले आणि फुकट असतात, वाटाघाटींचे रोजचे सविस्तर वृत्तान्त १९९२ पासून उपलब्ध आहेत, आणि संशोधकांनी हजारो करारांची जंत्री करून ठेवली आहे. घरी बसून निम्मं काम होतं. पण ज्या बंद खोलीत खरा सौदा होतो तिथे प्रवेश नसतो, आणि मुलाखतीत मुत्सद्दी तोलूनमापून बोलतात. कुरणाच्या कामात परवानगी, राहण्याची सोय, बोली शिकणं, किमान एक पूर्ण हंगाम तिथे काढणं, हे सगळं धरावं लागतं. एक हंगाम हुकला की वर्ष गेलं. ज्यांच्यावर घरची जबाबदारी आहे त्यांनी याचा विचार मोकळेपणाने करावा, त्यात कमीपणा काही नाही.

तिसरी वाटही आहे: अनेक देशांची आकडेवारी घेऊन लोकशाही, कर, उत्सर्जन यांचा संबंध तपासायचा. संख्याशास्त्र पक्कं असेल तर जरूर. ते प्रबंध लिहिता लिहिता शिकू म्हणाल, तर नको.

आता मी ज्यावर अडून बसतो ते. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीमध्ये किसीदुगू भागात गवताळ माळावर गावांभोवती जंगलाची बेटं दिसतात. वसाहतीच्या काळापासून अधिकारी आणि तज्ज्ञ मानत आले की ही पूर्वीच्या घनदाट अरण्याची उरलीसुरली ठिगळं आहेत आणि गावकऱ्यांनी बाकीचं तोडून, जाळून संपवलं. त्याच समजुतीवर बंदी आणि दंडाचे नियम बेतले गेले. जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच हे संशोधक तिथे राहिले, वयस्क माणसांशी बोलले, जुने हवाई फोटो नव्या चित्रांशी ताडून पाहिले. गोष्ट बरोबर उलटी निघाली: बहुतेक ठिकाणी गावं माळावर वसली होती आणि भोवतीचं जंगल लोकांनीच वाढवलं होतं. ज्यांनी झाडं लावली त्यांनाच पिढ्यान्‌पिढ्या तोडीचा दोष दिला जात होता. दुरून वाचलेल्या अहवालांवर हे कधीच उलगडलं नसतं.

म्हणून पहिल्या प्रबंधासाठी माझा कल क्षेत्रकामाकडे आहे. करारांकडे नंतर वळता येतं, उलट प्रवास वयाबरोबर अवघड होत जातो. मात्र क्षेत्रकामाला जाणार असाल तर एक अट पाळा. नियम मोडून जनावरं चरायला सोडणारा माणूस तुम्हाला विश्वासाने ते सांगेल, आणि तुमचा छापलेला नकाशा उद्या त्यालाच उठवायला वापरला जाऊ शकतो. कोणती नोंद कधीच छापायची नाही, हे जाण्याआधी लिहून ठेवा.

अजूनही ठरत नसेल तर हा आठवडा असा घालवा. दोन दिवस कुठल्याही एका वाटाघाटीचे रोजचे वृत्तान्त ओळीने वाचा. पुढचे दोन दिवस जे काही सामाईक हाताशी असेल तिथे, मग ती नळाची रांग असो की इमारतीची गच्ची, नुसतं बसा आणि कोण कोणाला काय म्हणून अडवतं ते लिहा. कोणती वही आधी भरली ते बघा, आणि ती घेऊन मार्गदर्शकांकडे जा.