स्वयंपाकघर मागे वाढवलं, आठ महिने झाले: साडेतीन लाखांचे ४ लाख ६८ हजार कुठं झाले

आमचं सांगलीतलं घर १९८८ चं, लोडबेअरिंग. कॉलम-बीम नाहीत, नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब. स्वयंपाकघर आठ बाय नऊ. सासूबाई भाकरी थापायला उभ्या राहिल्या की मला फ्रिज उघडता यायचा नाही. शेवटी मागच्या अंगणात बारा बाय दहाची खोली काढून जुनं स्वयंपाकघर तिच्यात उघडायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये काम सुरू झालं आणि गुढीपाडव्याला नव्या ओट्यावर पुरण शिजलं. त्यानंतर एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक दिवाळी अशी तिन्ही परीक्षा झाल्या, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

आधी आमचा हिशेब सांगते. १२० चौरस फूट, मटेरियलसकट १,९०० रुपये दर, म्हणजे २,२८,०००. ओटा, सिंक, टाइल्स, ट्रॉल्या मिळून ९५,०००. लाइट आणि प्लंबिंग २७,०००. बरोबर साडेतीन लाख. प्रत्यक्षात गेले ४ लाख ६८ हजार. वरच्या १ लाख १८ हजारांपैकी आमच्या हौसेचे फक्त १७ हजार, ग्रॅनाइट जरा वरच्या दर्जाचा घेतला म्हणून. बाकीचे १ लाख १ हजार जुनं घर नव्या खोलीला जोडण्यात गेले. कॉन्ट्रॅक्टर चौरस फुटाचा दर सांगतो तो नव्या खोलीचा असतो, जोडकामाचा दर त्यात कुणीच धरत नाही. आम्हीही धरला नव्हता.

सगळ्यात मोठा खर्च मधली भिंत फोडण्याचा, ३८ हजार. या भिंतीवर वरचा स्लॅब बसलेला आहे, त्यामुळे घण घालून सात फुटांचं भगदाड पाडता येत नाही. आधी दोन्ही बाजूंनी स्लॅबला जॅक लावले, मग भिंतीत खाच घेऊन बीम टाकला, तो पक्का झाल्यावरच खालच्या विटा काढल्या. इंजिनिअरने हे ड्रॉइंगमध्ये दाखवलं होतं, पण दर ठरवताना ते पान कुणी उघडलंच नाही. घर लोडबेअरिंग असेल तर ‘भिंत फोडणे आणि बीम’ ही ओळ कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्या, मगच पुढं बोला.

दुसरा खर्च जमिनीचा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. साडेतीन फुटांवर पाया घ्यायचं ठरलं होतं, पण मुरूम लागला सहा फुटांवर. खोदाई, दगड, काँक्रीट मिळून २४ हजार वाढले. हे पैसे देताना मला अजिबात वाईट वाटलं नाही. जुना पाया पस्तीसेक वर्षांत बसून स्थिर झालाय, नवा अजून बसायचाय. म्हणून इंजिनिअरने नवी भिंत जुनीला विटांनी न बांधता मध्ये सरळ सांधा सोडायला लावला. एप्रिलअखेर त्या सांध्यावर गिलाव्यात केसासारखी भेग आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. त्यांनी भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ ओढली, दोन्ही टोकांना खूण केली आणि शेजारी तारीख घातली. दर महिन्याला पट्टीनं मोजायला सांगितलं. मे महिन्यात ती दोन मिलिमीटर झाली, पावसाळ्यात पुन्हा जवळजवळ मिटली.

खोलीच्या बरोबर मधोमध सांडपाण्याचा जुना चेंबर येत होता. तो बाहेर हलवायला १३ हजार. पाइपला दर चार फुटांना एक इंच उतार हवा, त्यामुळे जुनी लाइनही काही अंतर उकरावी लागली. जुन्या वायरिंगला धड अर्थिंग नव्हतं. मिक्सर, ओव्हन आणि फ्रिज एकाच बोर्डावर टाकणं मला पटेना, म्हणून मीटरपासून वेगळी लाइन आणि नवा एमसीबी बॉक्स (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारा) घेतला. त्याचे १५ हजार वाढीव.

राहिलेले ११ हजार गळतीचे. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला आणि पहिल्याच जोरदार सरीत जुन्या भिंतीला नवा स्लॅब टेकतो तिथून पाणी उतरलं. मसाल्याच्या डब्यांवर थेंब पडत होते. कॉन्ट्रॅक्टरने तिथं नुसता सिमेंटचा गिलावा ओढला होता. खरं तर जुन्या भिंतीत खाच घेऊन, कोपरा सिमेंटने गोलसर भरून (याला वाटा मारणं म्हणतात), वरून वॉटरप्रूफिंग करायला हवं होतं. मी त्याचे २० हजार पहिला पाऊस होईपर्यंत मागे ठेवले होते, म्हणूनच तो आला. मजुरी त्याने सोडली, मटेरियल आम्ही आणलं. पूर्ण स्लॅबलाच कोट मारून घेतला. त्यानंतर पूर्ण पावसाळा स्वयंपाकघर कोरडं राहिलं. जोता, लिंटेल (दारं-खिडक्यांवरचा पट्टा), स्लॅब, गिलावा असे हप्ते पाडून पैसे द्या आणि शेवटचा हप्ता पावसावर ठेवा, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

मागच्या बाजूला सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, किती सोडायचं ते महानगरपालिकेच्या परवानगीआधी लायसन्सवाल्या इंजिनिअरकडून मोजून घ्या. त्याची फी आणि अडीच महिने हॉलमध्ये मांडलेला संसार, खाणावळीचे डबे, हे वरच्या हिशेबात नाहीत.

सिमेंटवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. आमच्या कामाला सत्तर पोती लागली. पोतं ३७० ला धरलं तरी सगळं मिळून दोन हजारांचाच फरक. बजेट हलतं ते वर सांगितलेल्या गोष्टींनी.

आता वापराचं. ओट्याखाली प्लायचं काहीही केलं नाही याचं मला फार समाधान आहे. माझं माहेर सांगलीच्याच गावभागातलं, नदीकाठच्या जुन्या वस्तीतलं. २०१९ च्या महापुरात तिथल्या ट्रॉल्या भिजून पावासारख्या फुगलेल्या मी स्वतः उचलून टाकल्यात. इथं पाणी येत नसलं तरी हात धजावला नाही. कडाप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या ट्रॉल्या घेतल्या, धुता येतात आणि झुरळं कमी. ओटा दोन उंचींचा केला, शेगडीचा भाग ३३ इंच आणि सासूबाईंसाठी परातीचा भाग ३० इंच. त्या आता न थकता पंधरा भाकरी थापतात, खांदा दुखतो म्हणत नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे सगळे पैसे पुन्हा खर्च करीन.

खोली पश्चिमेला आहे हे मात्र आम्ही नीट विचारात घेतलं नाही. एप्रिलात दुपारी चारला स्लॅबखाली उभं राहवत नव्हतं, भाजी निवडायला आम्ही जुन्या भागात यायचो. एक्झॉस्ट फॅनने वाफ जाते, तापलेल्या स्लॅबची उष्णता जात नाही. फेब्रुवारीत स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग देणार आहोत आणि पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा वाढवणार आहोत. तो खर्च तेव्हा केला असता तर स्लॅबच्या सेंट्रिंगमध्येच (काँक्रीटच्या साच्यातच) छज्जा निघाला असता.

सांध्याची भेग आम्ही अजून लांबीने (पुट्टीने) बुजवलेली नाही. इंजिनिअर म्हणतात, अजून एक पूर्ण उन्हाळा-पावसाळा जाऊ द्या, मग लवचिक सीलंट भरू. परवा मोजली तेव्हा ऑक्टोबरच्या खुणेवरच होती.